एक्केचाळिसावं राज्य कोणतं?

अमेरिकेतली 50 राज्यं इंग्रजी वर्णक्रमानं लावली तर 41 वं राज्य कोणतं येईल? साउथ डकोटा. हे ठाऊक नसल्यानं कुणाचं काही अडत नाही. पण 1999 च्या जूनमध्ये डेव्ह वायनर या अमेरिकन प्रोग्रामरनं प्रसिद्ध केलेल्या एका तांत्रिक टिपणात नेमका हाच सवाल-जवाब उदाहरण म्हणून छापला होता. सवाल माणसानं विचारायचा नव्हता. एका यंत्रावरच्या प्रोग्रामनं तो दुसऱ्या यंत्रावरच्या प्रोग्रामला विचारायचा, आणि तोही वेबपानं ज्या वाटेनं ये-जा करतात त्याच वाटेनं. या पद्धतीचं नाव एक्सएमएल-आरपीसी.

आत काय असायचं ते एकदा बघून घेऊ. वरती पत्त्याच्या काही ओळी: 'पोस्ट' हा आदेश, 'आरपीसी2' हा मार्ग, समोरच्या यंत्राचं नाव 'बेटी', मजकुराचा प्रकार एक्सएमएल, लांबी 181 बाइट. मग एक कोरी ओळ, आणि तिच्याखाली प्रत्यक्ष मजकूर. मूळ टॅग रोमन लिपीत आणि थोडे जास्त आहेत. गाळून-आटवून मराठीत मांडले तर असे दिसतील:

<विचारणा>
<काम>राज्याचे-नाव</काम>
<पूर्णांक>41</पूर्णांक>
</विचारणा>

सर्व्हरवरची स्क्रिप्ट हा मजकूर उघडते, 41 हा आकडा काढून घेते, आपल्या यादीत बघते आणि तशाच टॅगांत 'साउथ डकोटा' घालून परत पाठवते. संपलं काम.

वर टॅग मराठीत लिहिले ते गंमत म्हणून नव्हे. एक्सएमएलच्या 1998 च्या मूळ मानकानुसारही देवनागरी टॅग चालत होते. खोच एकच होती. 'शेतकऱ्याचे' यातला अर्धा ऱ काही जण र, पायमोड आणि वर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन टंकतात. ते अदृश्य चिन्ह टॅगच्या नावात आलं की मजकूर वाचणारा प्रोग्राम, म्हणजे पार्सर, तो नाकारायचा. नोव्हेंबर 2008 मधल्या पाचव्या आवृत्तीनं ते चिन्हही चालवून घेतलं. मराठीत टॅग लिहिणारे तोवर किती होते हा प्रश्न वेगळा.

वायनरच्या टिपणाची खुमारी त्याच्या लहानपणात होती. चहाचा कप संपेपर्यंत वाचून व्हावं एवढंच ते होतं. ते वाचून पर्लमध्ये, पायथनमध्ये, पीएचपीमध्ये ज्याला हवं त्यानं आपापलं यंत्र बोलतं केलं. या बोलण्याची पुढं जी वाढ झाली, तिचा जो पसारा झाला, मग ज्या वेगानं तरुण प्रोग्रामर त्याच्यापासून पळाले आणि तरीही तो जिथं जाऊन टिकला, त्याची ही हकीकत आहे.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. वेब सर्व्हर हा मुळात मागितलेली फाइल काढून देणारा प्रोग्राम. त्याला काही करायला लावायचं, म्हणजे शोध घे, नोंद कर, बेरीज सांग, तर मागं दुसरा प्रोग्राम हवा. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रानं 1993 मध्ये त्यासाठी एक संकेत ठरवला, तो सीजीआय. ब्राउझरनं फॉर्म भरून पाठवला की सर्व्हर एक स्क्रिप्ट चालू करी, फॉर्मचा मजकूर तिच्यापुढं ओती आणि तो किती बाइटांचा आहे हे तिला आधी सांगून ठेवी. स्क्रिप्टनं तेवढे बाइट मोजून वाचायचे, काम करायचं आणि उत्तर छापायचं. छापलेलं थेट ब्राउझरकडे जाई. नव्वदच्या दशकातल्या असंख्य संकेतस्थळांचा कारभार पर्लमधल्या अशा स्क्रिप्टांवर चालला.

फॉर्मचा मजकूर मात्र अगदी सपाट असे. नाव बरोबर अमुक, शहर बरोबर तमुक, मधे जोडायला '&'. एका माणसाची माहिती यात बसते. पण एक मागणीपत्र घ्या. त्यात दहा वस्तू, प्रत्येकीचा दर, नग, कर, काही वस्तूंना वेगळा पत्ता. ही घरातल्या घरात खोल्या असलेली माहिती सपाट ओळीत कोंबता येत नाही. तिला आकार लागतो, आणि पाठवणारा व घेणारा या दोघांनाही तो आकार सारखाच कळावा लागतो.

तसा आकार देणारी खूणपद्धत आधीपासून होती. आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी या तिघांनी 1969 मध्ये कायद्याच्या कागदपत्रांसाठी जीएमएल तयार केली. ही आद्याक्षरं त्यांच्या आडनावांचीही आहेत. तिची थोरली आवृत्ती एसजीएमएल 1986 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. प्रकाशक, सैन्यदलं, विमान कंपन्या ती वापरत. पण एसजीएमएल इतकी पसरट होती की गोल्डफार्ब यांनीच तिच्यावर लिहिलेला मार्गदर्शक ग्रंथ 600 हून अधिक पानांचा भरला. ती वेबवर कोण आणणार?

ते काम सन मायक्रोसिस्टिम्सच्या जॉन बोसाक यांनी 1996 मध्ये अंगावर घेतलं. एसजीएमएल आटवून एक्सएमएल घडवायला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमच्या छत्राखाली अकरा जणांचा गट जमला. त्यांचं काम मुख्यतः ईमेल आणि दर आठवड्याच्या टेलिफोन-बैठकांवर चाले. टिम ब्रे, मायकेल स्पर्बर्ग-मॅक्वीन आणि नंतर मायक्रोसॉफ्टचे जाँ पाओली हे संपादक. पाओली नंतर येण्यामागं राजकारण होतं. ब्रे यांनी नेटस्केपचं सल्लागारीचं काम घेतलं, त्यावर मायक्रोसॉफ्टनं आरडाओरडा केला आणि तोल साधण्यासाठी पाओलींना संपादक केलं गेलं. ब्राउझरांचं युद्ध ऐन भरात होतं. त्यात एकमेकांचे गळे धरलेल्या या दोन कंपन्या एका मुद्द्यावर मात्र एकत्र आल्या, आणि तो मुद्दा पुढं एक्सएमएलचं भवितव्य ठरवणारा ठरला.

मुद्दा चुकांचा होता. एचटीएमएल लिहिताना कुणी टॅग बंद करायला विसरला, एखादं अवतरणचिन्ह सुटलं, तरी ब्राउझर अंदाजानं सावरून घेतो. ही सवलत देता देता ब्राउझरांच्या पोटात हजारो ओळींचा सांभाळून घेणारा कोड साठला होता, आणि प्रत्येकाचं सांभाळणं वेगळं. एक्सएमएलमध्ये 1997 मध्ये उलट ठरलं: रचनेत पहिली चूक दिसली की पार्सरनं थांबायचं, पुढचा मजकूर वापरायला द्यायचा नाही. एक कंस राहिला तरी अख्खा कागद रद्द. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही हाच कडक नियम उचलून धरला, गटातल्या काहींचा विरोध असूनही. 10 फेब्रुवारी 1998 रोजी एक्सएमएल 1.0 ला मान्यता मिळाली.

त्याला तीन आठवडेही झाले नव्हते तोवर, 27 फेब्रुवारीला, वायनरनं आपली कल्पना जाहीर केली. त्याची युजरलँड ही छोटी कंपनी 'फ्रंटियर' नावाचं स्क्रिप्ट लिहिण्याचं सॉफ्टवेअर विकायची. दूरच्या यंत्रावरचा प्रोग्राम चालवण्याच्या पद्धती तेव्हा नव्हत्या असं नाही. कॉर्बा होती, मायक्रोसॉफ्टची डीकॉम होती. पण त्या अवजड होत्या, एकमेकींशी बोलत नसत, आणि मुख्य म्हणजे ऑफिसांच्या फायरवॉलला त्यांचं तोंड बघवत नसे. वेबसाठी 80 क्रमांकाचं दार मात्र सगळीकडे सताड उघडं होतं. त्या दारातून एक्सएमएल आत सोडायचं, एवढीच युक्ती.

मायक्रोसॉफ्टमधल्या बॉब ॲटकिन्सन आणि मोहसिन अल-घोसैन यांनी, आणि प्रशिक्षण देणाऱ्या डेव्हलपमेंटर कंपनीच्या डॉन बॉक्स यांनी वायनरबरोबर त्या युक्तीवर काम सुरू केलं. पण मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत वादांत तारीख पुढं पुढं जाऊ लागली. वायनर कंटाळला आणि हाताशी होतं तेवढं एक्सएमएल-आरपीसी म्हणून मोकळं केलं. उरलेल्यांचं काम 'सोप' या नावानं चालू राहिलं. नावाचा पहिला शब्द 'सिम्पल' होता हे लक्षात ठेवायला हवं.

8 मे 2000 रोजी सोप 1.1 चा मसुदा वेब कन्सॉर्टियमकडे सादर झाला. आता आयबीएम आत आली होती आणि कालपर्यंत एकमेकींशी भांडणाऱ्या कंपन्या एका कागदावर सह्या करत होत्या. फायरवॉलमधून सहज पार होतं हे सोपचं वैशिष्ट्य म्हणून सांगितलं जात होतं. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी त्याच जूनमध्ये नेमक्या त्या वाक्यावर बोट ठेवलं: राखणदाराला चुकवून आत जाण्याची सोय ही वैशिष्ट्य म्हणून मिरवायची गोष्ट आहे का? बरोबरच होतं त्यांचं. पण ते वर्ष ऐकून घेण्याचं नव्हतं.

पुढची पाच-सहा वर्षं पसाऱ्याची. सेवेचं वर्णन करायला डब्ल्यूएसडीएल आली. सेवा शोधायला यूडीडीआय नावाची जागतिक डिरेक्टरी आली, सप्टेंबर 2000 मध्ये. तिच्यामागं आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरीबा. कल्पना भव्य होती. तुमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर स्वतःच त्या डिरेक्टरीत स्वस्त पुरवठादार शोधील, त्याच्या सॉफ्टवेअरशी एक्सएमएलमध्ये बोलून घेईल आणि ऑर्डर देऊन मोकळं होईल. अनोळखी माणसाशी व्यवहार करण्याआधी धंदेवाला दहा ठिकाणी चौकशी करतो, उधारीचं बघतो, हे कुणी लक्षातच घेतलं नाही. आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टनं आपापले सार्वजनिक सर्व्हर 2006 च्या जानेवारीत बंद केले. दरम्यान सुरक्षेसाठी, पोचपावतीसाठी, पत्त्यासाठी, व्यवहारासाठी 'डब्ल्यूएस' ही अक्षरं पुढं लावलेली मानकं एकामागून एक निघाली. इतकी, की प्रोग्रामर त्या सगळ्यांना मिळून 'डब्ल्यूएस-डेथ स्टार' म्हणू लागले. जून 2003 मध्ये सोप 1.2 आलं तेव्हा त्यानं एक प्रामाणिकपणा दाखवला: सोप हे आता कशाचंही संक्षिप्त रूप नाही असं जाहीर केलं. 'सिम्पल' गेलं.

या काळात पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत रुजू झालेल्या पिढीला हे सगळं पाठ आहे. परदेशी बँकेची किंवा विमा कंपनीची डब्ल्यूएसडीएल फाइल यायची, एखादं साधन तिच्यातून हजारो ओळींचा जावा किंवा डॉटनेट कोड तयार करून द्यायचं, आणि तो का चालत नाही हे शोधण्यात आठवडे जायचे. जावाचं सोप डॉटनेटच्या सोपशी सरळ बोलेल असं नव्हतं. ज्यासाठी हा खटाटोप, तेच होत नसे.

लोकांना काय हवं होतं ते आकड्यांनी दाखवलं. जुलै 2002 मध्ये ॲमेझॉननं आपली पुस्तकांची आणि मालाची माहिती बाहेरच्या प्रोग्रामरांना खुली केली, तीही दोन पद्धतींनी: एक सोप, आणि दुसरी म्हणजे साधा वेबपत्ता टाका आणि साधं एक्सएमएल परत घ्या. रॉय फील्डिंग यांनी 2000 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या प्रबंधात मांडलेल्या 'रेस्ट' या विचाराच्या जवळची ही दुसरी पद्धत. वर्षभरात प्रकाशक टिम ओरायली यांनी सांगितलं, की ॲमेझॉनचा 85 टक्के वापर या दुसऱ्या पद्धतीनं होतोय. गूगलनंही एप्रिल 2002 मध्ये आपला शोध सोपमधून खुला केला होता, दिवसाला 1000 प्रश्नांच्या मर्यादेनं. 2006 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी नवीन नोंदणी बंद केली.

छोट्या दुकानांत, म्हणजे पीएचपी आणि एएसपीवर संकेतस्थळं बांधून पोट भरणाऱ्यांकडे, हीच गोष्ट कशी दिसत होती? तिथं मानकांच्या लढाया पोचत नव्हत्या. पोचत होत्या त्या बारीकसारीक अडचणी. पीएचपीच्या स्क्रिप्टकडे कुणी एक्सएमएल पोस्ट केलं की नवखा माणूस नेहमीच्या सवयीनं 'पोस्ट' नावाची यादी उघडून बघायचा आणि ती रिकामी निघायची. कारण ती यादी भरते फक्त फॉर्मच्या मजकुरानं. एक्सएमएल कच्चं, जसंच्या तसं, 'पीएचपी इनपुट' नावाच्या वेगळ्या प्रवाहातून वाचावं लागे. हे कळलं की पुढचा अडथळा पार्सरचा. फाइलच्या पहिल्या ओळीआधी एक रिकामी जागा राहिली, तरी नकार. मजकूर यूटीएफ-8 आहे असं वर लिहिलंय आणि आतला वाकड्या अवतरणचिन्हाचा एक बाइट विंडोजच्या जुन्या सारणीतला आहे, तरी नकार. ग्राहकाचं नाव 'जोशी & सन्स' असेल, तर '&' पुढं ठरावीक संकेत लिहिला नाही म्हणून अख्खं बिल परत. फॉर्म भरताना चालून गेलेली जोशींची '&' इथं थेट एक्सएमएलच्या व्याकरणाला धडकत होती.

देवनागरीत काम करणाऱ्यांची तर वेगळीच परीक्षा. युनिकोड आणि एक्सएमएल यांचं पहिल्यापासून लग्न लागलेलं. प्रत्येक पार्सरला यूटीएफ-8 आणि यूटीएफ-16 वाचता यायलाच हवं असा नियम. पण आपल्याकडची वर्तमानपत्रं, छापखाने, सरकारी कचेऱ्या तेव्हा जुन्या फॉन्टांवर चालत. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली. क्रुतिदेवमध्ये 'ढ' हे अक्षर '<' या चिन्हाच्या जागी बसतं. एक्सएमएलच्या दृष्टीनं ते चिन्ह म्हणजे नव्या टॅगची सुरुवात. तेव्हा क्रुतिदेवातला मजकूर तपासणी न करता एक्सएमएलमध्ये घातला, की 'पंढरपूर' लिहिलेल्या पहिल्याच ओळीत पार्सर बंद पडणार हे ठरलेलं. आणि बंद नाही पडला, तरी पलीकडे तो फॉन्ट नसेल तर दिसणार निव्वळ रोमन अक्षरांची खिचडी. युनिकोडकडे वळायचं कारण अनेकांना भाषाप्रेमानं दिलं नसेल, ते अशा अडलेल्या फायलींनी दिलं.

आता ब्राउझरकडे वळू, कारण एक्सएमएलची लोकप्रियता आणि तिचा शेवट दोन्ही तिथून आले. मायक्रोसॉफ्टमध्ये ईमेल ब्राउझरात दाखवणाऱ्या 'आउटलुक वेब ॲक्सेस'चं काम चालू होतं. पान पुन्हा पुन्हा न उघडता मागून माहिती आणता यावी यासाठी ॲलेक्स हॉपमन यांनी एक छोटा घटक लिहिला. मार्च 1999 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर 5 निघायच्या बेतात होता आणि नवीन काही घालायला फारशी जागा उरली नव्हती. एक्सएमएलची लायब्ररी मात्र त्याच्यासोबत जाणारच होती, म्हणून हा घटक तिच्यात घुसवला आणि नावात एक्सएमएल घातलं. पुढं मोझिलानं तो 'एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट' या नावानं उचलला. एक्सएमएलशी त्याचं नातं पहिल्या दिवसापासून असं जुजबीच होतं.

त्या घटकाला पाच वर्षं कुणी फारसं विचारलं नाही. मग 1 एप्रिल 2004 ला जीमेल आलं, डिसेंबरात टंकता टंकता सूचना देणारा 'गूगल सजेस्ट', आणि फेब्रुवारी 2005 मध्ये माउसनं ओढता येणारे गूगलचे नकाशे. 18 फेब्रुवारीला जेसी जेम्स गॅरेट यांनी एका लेखात या साऱ्या पद्धतीचं 'एजॅक्स' असं बारसं केलं. शेवटचं अक्षर एक्सएमएलचं. एक्सएमएल वेबच्या अगदी दर्शनी खिडकीत येऊन बसलं, आणि तिथंच त्याची गच्छंती झाली.

कारण जागा घेणारा आधीच तयार होता. एप्रिल 2001 मध्ये डग्लस क्रॉकफर्ड आणि चिप मॉर्निंगस्टार या दोघांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जावास्क्रिप्टच्याच भाषेत लिहिलेला एक तुकडा पाठवला. ब्राउझरला तो वाचायला वेगळा पार्सर लागतच नव्हता. पहिलाच निरोप फसला, कारण त्यात 'डू' हे नाव वापरलं होतं आणि जावास्क्रिप्टनं तो शब्द स्वतःसाठी राखून ठेवला होता. राखीव शब्दांची यादी मानकात छापायला नको म्हणून त्यांनी ठरवून टाकलं: प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत घालायचं. या पद्धतीचं नाव जेसन, आणि ते आजही तसंच लिहितात. वर्णन एका पानावर मावतं. 2006 मध्ये त्याची अधिकृत नोंद झाली आणि त्याच वर्षी पीएचपी 5.2 मध्ये ते मुळातच समाविष्ट झालं. त्यानंतर 'एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट' नावाच्या गाडीतून प्रामुख्यानं जेसनच प्रवास करत राहिलं.

त्यातच एक्सएमएलचे दोष एकेक करून अंगाशी येत होते. 2005 च्या उन्हाळ्यात पीएचपीच्या एक्सएमएल-आरपीसी लायब्ररींमध्ये भगदाड सापडलं. आलेला मजकूर त्या नीट न गाळता कोड म्हणून चालवत. नोव्हेंबरात त्या वाटेनं लिनक्स सर्व्हरांत शिरणारा 'लपर' हा किडा पसरला. मानकातलीच एक सोय त्याहून वाईट निघाली. एक्सएमएलमध्ये एखाद्या मजकुराला टोपणनाव देता येतं आणि टोपणनावाच्या आत दुसरी टोपणनावंही घालता येतात. कुणी 'लोल' या एका हास्याला नाव दिलं, दुसऱ्या नावात ते दहा वेळा, तिसऱ्यात दुसरं दहा वेळा, असं नऊ पायऱ्या चढवलं. फाइल एक केबीपेक्षा लहान. पण पार्सर ती उलगडू लागला की 100 कोटी हास्यं, म्हणजे सुमारे 3 जीबी मेमरी, आणि सर्व्हर आडवा. याच सोयीतून सर्व्हरवरची खासगी फाइल वाचून बाहेर आणण्याची युक्तीही निघाली. रेजिनाल्डो सिल्वा या ब्राझीलच्या अभियंत्यानं तिच्या आधारे फेसबुकमधली एक गंभीर त्रुटी दाखवून दिली आणि त्यांनी त्याला 33,500 डॉलर दिल्याचं 2014 च्या जानेवारीत जाहीर झालं.

एवढं झाल्यावर एक्सएमएलचा अध्याय मिटला असं सिलिकॉन व्हॅलीत लिहिणाऱ्यांनी लिहून टाकलं. इथं मात्र मला थांबावंसं वाटतं. तो अध्याय मिटला तो वेबपानांच्या दर्शनी भागात. पहिली चूक दिसताच थांबण्याचा जो कडकपणा पीएचपीवाल्याला जाच वाटत होता, तोच पैसे आणि ओळख सांभाळणाऱ्यांना हवा होता. आणि त्याच सुमारास आपल्याकडे पैसे आणि ओळख या दोन्हींच्या नव्या यंत्रणा उभ्या राहत होत्या.

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात टेंभली गावी पहिला आधार क्रमांक दिला गेला. आधारची पडताळणी कशी होते? रेशन दुकानातल्या यंत्रावर माणूस अंगठा ठेवतो. अंगठ्याची माहिती एका एक्सएमएल तुकड्यात जाते, तो तुकडा एकदाच वापरायच्या किल्लीनं कुलूपबंद होतो, ती किल्ली आधारच्या सार्वजनिक किल्लीनं बंद होते, आणि हे सगळं आणखी एका एक्सएमएल पाकिटात घालून, वर डिजिटल सही करून, सर्व्हरकडे पोस्ट केलं जातं. उत्तरही एक्सएमएल. त्यात मुख्य अक्षर एकच: 'वाय' किंवा 'एन'. 'एन' आलं तर सोबत कारणाचा आकडा. 300 म्हणजे शरीराच्या खुणा, इथं बोटाचे ठसे, जुळल्या नाहीत. शेतात राबून रेषा झिजलेल्या हाताला हा आकडा किती वेळा सोसावा लागलाय ते रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्यांना विचारा. तिथं एक्सएमएलचा दोष नाही, पण निरोप तेच आणून देतं. आधारच्या जुन्या कागदावरचा क्यूआर कोडही साध्या स्कॅनरनं वाचला तर नाव, लिंग, जन्मवर्ष, पत्ता असं उघडं एक्सएमएलच दिसायचं. 2018 मध्ये त्या जागी सही केलेला कोड आला.

त्या वेळी जेसन का घेतलं नाही, असं आजचा तरुण प्रोग्रामर विचारतो. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. एक्सएमएलवर डिजिटल सही कशी करायची याचं मानक 12 फेब्रुवारी 2002 पासून तयार होतं. जेसनवरच्या सहीचं मानक मे 2015 मध्ये निघालं. 2010 मध्ये सह्या मागणाऱ्याला दुसरा चांगला पर्याय नव्हता.

यूपीआयचीही तीच गोष्ट. 11 एप्रिल 2016 ला मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते ती सुरू झाली. तिच्या प्रसिद्ध तांत्रिक कागदांत निरोपांची जी रचना दिलीय ती एक्सएमएलची, सही केलेली, पोस्टनं पाठवायची. भाजीवाल्याचा कोड स्कॅन करून तुम्ही 40 रुपये टाकता तेव्हा तुमच्या ॲपच्या बँकेकडून 'रेक-पे' नावाचा निरोप यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयकडे जातो. उत्तर लगेच मिळतं, पण ते फक्त 'पोचलं' एवढंच. मग एनपीसीआय भाजीवाल्याच्या बाजूला त्याच्या खात्याचा तपशील विचारते, तुमच्या बँकेला पैसे वजा करायला सांगते, त्याच्या बँकेला जमा करायला सांगते. प्रत्येक निरोपाला आधी पोचपावती आणि नंतर स्वतंत्र पोस्टनं खरं उत्तर. मोबाइलवर हिरवी खूण उमटेपर्यंत पोचपावत्या सोडून सात-आठ निरोप इकडून तिकडे गेलेले असतात. ऑगस्ट 2023 मध्ये महिन्याच्या यूपीआय व्यवहारांनी 1000 कोटींचा टप्पा ओलांडला. आता त्याला दर व्यवहारामागच्या निरोपांनी गुणा. मेल्याची वार्ता आलेल्या मजकूर-पद्धतीचा हा व्याप आहे.

अर्थात इथंही सगळं एकाच दिशेनं गेलं नाही. आयकराचं विवरणपत्र भरताना वर्षानुवर्षं एक्सएमएल फाइल तयार करून ती अपलोड करायची असे. करनिर्धारण वर्ष 2021-22 पासून तिथं जेसन आलं. जीएसटी तर सुरुवातीपासून जेसनवर. पण हीच विवरणपत्रं भरणाऱ्या सीएच्या कार्यालयातलं टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर बाहेरच्या प्रोग्रामशी बोलताना 9000 क्रमांकाच्या दारावर एक्सएमएलचं पाकीट घेतं आणि एक्सएमएलमध्ये उत्तर देतं. एकाच टेबलावर दोन्ही भाषा.

बँकांच्या जगात तर प्रवाह उलटाच वाहतोय. रिझर्व्ह बँकेनं 19 ऑक्टोबर 2013 ला नवी आरटीजीएस सुरू केली ती आयएसओ 20022 या एक्सएमएलवर आधारलेल्या संदेशपद्धतीवर. जगभरच्या बँकांना जोडणारी स्विफ्ट मात्र तेव्हा जुन्याच 'एमटी' निरोपांवर होती. दुबईतून किंवा न्यू जर्सीतून कुणी गावी पैसे पाठवले, तर घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता मिळून 35 अक्षरांच्या चार ओळी एवढीच जागा. 'मु. पो.'पासून 'जि.'पर्यंतचा आपला पत्ता, मधे वाडी, तालुका आणि पिन कोड, त्यात कोंबायचा. '&' चिन्ह तर त्या अक्षरमालेत नव्हतंच. एखादी ओळ रस्त्याची की गावाची हे यंत्राला कळत नसे, आणि दहशतवाद्यांच्या यादीशी नावं ताडून बघणारी सॉफ्टवेअरं गावाच्या नावाला माणसाचं नाव समजून रक्कम अडकवून ठेवू शकत. नव्या एक्सएमएल निरोपात नावाला वेगळा टॅग, गावाला वेगळा, पिन कोडला वेगळा, देशाला वेगळा. स्विफ्टनं मार्च 2023 मध्ये सीमेपलीकडच्या व्यवहारांसाठी हे नवे निरोप जुन्यांबरोबर सुरू केले, आणि पैसे पाठवण्याच्या आदेशांसाठी ही जोडवापराची मुदत नोव्हेंबर 2025 मध्ये संपली.